देवघर आवरताना विचारायचे प्रश्न

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि देवघर आवरायचं काम माझ्यावर आलं. घरात कोण काय मानतं आणि ते कुठून आलं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुम्हालाही आपल्या माणसांकडून काढून घ्यायचं असेल तर कसं, ते सांगते.

"देव मानता का?" असं विचारूच नका. त्यावर माणूस एक तर भाषण देतो, नाही तर भांडतो. देव ताम्हनात काढा, पितांबरी घ्या आणि ज्याला विचारायचं त्याच्याही हातात एक मूर्ती द्या. हात घासण्यात गुंतले की जीभ सैल होते. मग एकेक देव उचलून एवढंच विचारा: हा कोणी आणला?

आमच्याकडे तीन अन्नपूर्णा निघाल्या. अन्नपूर्णा नवरी माहेराहून आणते, म्हणजे तीन सुना. आजेसासूबाईंची झिजून नाकडोळे गेलेली, मग सासूबाईंची, आणि हातातली पळी अजून नीट दिसते ती माझी. माझा तिच्यावर विश्वास आहे का, हे लग्नात कुणी विचारलं नव्हतं. ती भांड्यांबरोबर आली, तिची पूजा करता करता कधीतरी मी मानायलाही लागले.

टिटवाळ्याच्या गणपतीची छोटी तसबीर सासूबाईंनी स्वतःच पुसायला घेतली. सासऱ्यांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा शेजारणीने सासूबाईंना टिटवाळ्याला नेलं होतं. मी विचारलं, "नवस फेडलात का?" तर म्हणाल्या, "फळलाच नाही, फेडायचा काय?" तरी अकरा वर्षं दर संकष्टीला जात राहिल्या. का? "अगं, तिघी बायका लोकलने जायचो. तेवढंच घराबाहेर."

इथे मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं ते चुकलं. सासूबाई लगेच टीव्हीवर बोलावं तसं श्रद्धा वगैरे बोलायला लागल्या. चिठ्ठीवर लिहा, तेही नंतर.

न मानणाऱ्यालाही याच रांगेत बसवा. त्याला विचारायचं: शेवटचे हात कधी जोडलेस? माझा दीर नास्तिक. त्याचं उत्तर तयार होतं: २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. तोही देवळाच्या रांगेत होता. घरी येऊन त्याने चमचा पितळी तांब्याच्या काठाला लावला, तर तांब्याही दूध प्यायला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि ओल्या अंगावरून खाली ओघळतं, ते पातळ ओघळ पटकन दिसत नाहीत. किस्सा छान आहे, पण तो त्याने शंभरदा सांगितलेला. असं घोटलेलं उत्तर आलं की त्याच्या आदल्या दिवसाचं विचारा. "आदल्या दिवशी मानत होतास?" तो बराच वेळ तांब्या घासत राहिला. "नाही वहिनी. आरतीला उभं राहायची लाज वाटायची, वर्षभर आधीपासून. दूध निमित्त झालं."

बरोबर-चूक करायला जाऊ नका. दिराला मी एकदा टोकलं, तर तासभर गप्प.

आणि देवघरच नसेल तर? लोकलमधली माझी एक मैत्रीण कळव्याची, बौद्ध. तिच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. तिथे प्रश्न उलटा करायचा: इथे आधी काय होतं? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली, त्यानंतर तिच्या आजोबांनी घरातले टाक, म्हणजे देव कोरलेले धातूचे छोटे पत्रे, नदीत सोडले. बावीस प्रतिज्ञा तिला लहानपणापासून पाठ. पण पणजीने एक टाक धान्याच्या कणगीत लपवला होता, हे ती हळूच, मुलुंड गेल्यावर बोलली. म्हणून अशी चौकशी चारचौघांत करू नये. ज्याचं त्याच्याशी, एकट्याने.

प्रत्येक देवाला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधली: कोणी आणला, कधी, कशासाठी. शेवटी एक टाक उरला, पार गुळगुळीत. खंडोबा की भैरोबा, सासूबाईंनाही सांगता येईना. मी चिठ्ठीवर "माहीत नाही" लिहिलं. त्यांनी तो उचलून पदराला पुसला आणि खोक्यात सगळ्यात आधी ठेवला.