दुमजली घर घेताना किंवा बांधताना: जिना, पाणी, ऊन आणि खोल्यांची वाटणी

१२०० चौरस फुटांचं घर एकाच मजल्यावर बसवायचं तर तेवढाच पाया आणि तेवढंच छप्पर लागतं. तेच घर दोन मजल्यांत बांधलं तर पायाचं आणि छपराचं क्षेत्रफळ जवळपास निम्म्यावर येतं आणि प्लॉटवर मोकळी जागा उरते. प्लॉट लहान असेल तर हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांना भारी पडतो. मात्र क्षेत्रफळ निम्मं म्हणून खर्चही निम्मा होईल असं धरू नका. पाया लहान झाला तरी त्यावर भार दोन मजल्यांचा येतो, त्यामुळे कॉलम आणि फुटिंग (कॉलमखालचा पायाचा रुंद भाग) जाड होतात, मधला स्लॅब वाढतो आणि वरच्या कामाला परांची लागते.

शिवाय जिना जागा खातो, तीही दोन्ही मजल्यांवर. दहा फूट उंचीच्या मजल्याला वळणाचा साधा जिना साधारण साडेसहा फूट रुंद आणि साडेदहा फूट लांब होतो. दोन्ही मजले धरून सुमारे १३५ चौरस फूट गेले, म्हणजे एक खोलीच गेली. जिन्याखाली सामान ठेवता येतं, पण त्या जागेत सरळ उभं राहता येईल असा भाग थोडाच असतो.

आधी फेऱ्या मोजा

दुमजली घर सुखाचं होणार की त्रासाचं, हे बहुतेक वेळा कुठलं काम कुठल्या मजल्यावर ठेवलं यावर ठरतं. नकाशा पक्का करण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखा, खालचा मजला आणि वरचा मजला. घरातला प्रत्येक माणूस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करतो ते त्या त्या रकान्यात लिहा, आणि एका रकान्यातून दुसऱ्यात जावं लागलं की रेघ ओढा. एका माणसाच्या दिवसाला आठ-दहांपेक्षा जास्त रेघा झाल्या तर वाटणी चुकली आहे असं समजा.

हमखास चुकणाऱ्या तीन जागा आहेत. पहिली वॉशिंग मशीनची. मळके कपडे निघतात वरच्या बेडरूममध्ये, मशीन असतं खाली आणि वाळवण पुन्हा वर. मशीन वरच ठेवलं तर दोन फेऱ्या वाचतात. त्यासाठी वर नळ, सांडपाण्याची जाळी आणि तिच्याकडे उतार असलेली फरशी हवी. मशीन स्लॅबच्या मध्यावर ठेवू नये. बीमवर किंवा भिंतीलगत ठेवून पायांखाली रबरी पॅड घातले की खाली जाणारा हादरा कमी होतो.

दुसरी जागा खालच्या मजल्यावरच्या बाथरूमची. जागा वाचवायला खाली फक्त संडास आणि बेसिन ठेवतात, आणि घरातल्या कुणाचा पाय मोडला की आंघोळीचा प्रश्न उभा राहतो. खाली एक झोपण्यासारखी खोली आणि शॉवरसह पूर्ण बाथरूम हवंच. त्याचं दार उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी जागा मिळायला हवी, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते.

तिसरी अगदी साधी: झाडू, पोछा, पिण्याचं पाणी, फोनचा चार्जर आणि प्रथमोपचाराची पेटी प्रत्येक मजल्यावर वेगळी ठेवा. हे सुचायला सोपं असतं, पण पहिले सहा महिने बरीच घरं एकच झाडू वरखाली नेत राहतात.

जिना

बांधकामात सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावं. पायरीची उंची ६ ते ७ इंच आणि पाय ठेवायची जागा १० ते १२ इंच असावी. ताळा असा: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाय ठेवायची जागा, बेरीज २४ ते २५ इंच यायला हवी. दहा फूट म्हणजे १२० इंच चढायचे असतील तर १८ पायऱ्या, प्रत्येकी सुमारे ६.७ इंच. त्याला ११ इंचांचा पाय ठेवायचा भाग दिला की बेरीज २४.४ येते आणि जिना चढायला सोपा होतो. जागा वाचवण्यासाठी १५ पायऱ्यांत उरकलं तर उंची ८ इंचांवर जाते आणि गुडघे तक्रार करू लागतात, चढण्यापेक्षा उतरताना जास्त.

सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असणं हे उंचीच्या आकड्याहून महत्त्वाचं आहे. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पायाला अंदाज बसतो आणि पुढे माणूस न बघता चालतो. एखादी पायरी अर्ध्या इंचाने जरी वेगळी असली तरी तिथेच ठेच लागते. ही गडबड बहुतेक वेळा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीवर होते, कारण जिना ओतताना फरशीची जाडी धरलेली नसते. खाली दोन इंचांची फरशी आली की पहिली पायरी तेवढीच बुटकी होते. म्हणून मिस्त्रीला दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीची पातळी भिंतीवर खुणेने दाखवा आणि मगच पायऱ्या आखायला सांगा.

रुंदी तीन फुटांपेक्षा कमी नको, डोक्यावर सात फूट मोकळे हवेत. कठडा तीन फूट किंवा त्याहून थोडा उंच, आणि उभ्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी, म्हणजे लहान मुलाचं डोकं त्यातून जाणार नाही. आडव्या पट्ट्यांचे कठडे दिसतात छान, पण मुलं त्यांना शिडी समजून चढतात. लहान मूल असेल तर जिन्याच्या वरच्या तोंडाला लावायचं फाटक स्क्रूने भिंतीत बसवलेलंच घ्या. नुसतं दाबून अडकवायचं फाटक खालच्या तोंडाला चालतं, वर ते सुटलं तर मूल फाटकासकट खाली येतं.

पॉलिश केलेला गुळगुळीत दगड पायरीवर नको. बसलेला असेल तर कडेशी खाचा पाडून घ्या किंवा घसरणरोधक पट्टी चिकटवा. दिव्याला टू-वे स्विच हवा, खाली लावता आणि वर बंद करता येईल असा.

पाणी

वरच्या बाथरूमला पाण्याचा दाब कमी मिळणं ही या घरांची नेहमीची तक्रार आहे आणि तिचं कारण निव्वळ उंचीचं आहे. दहा फूट पाण्याच्या उंचीला चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलो दाब मिळतो. टाकी थेट गच्चीवर टेकवली तर वरच्या शॉवरच्या तोंडापासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम साडेतीन-चार फूट उंची भरते, खालच्या शॉवरला तीच चौदा फुटांच्या आसपास असते. म्हणजे टाकी रिकामी होत आली की वरच्या शॉवरला खालच्याच्या चौथाई दाब मिळतो. इतक्या कमी दाबावर काही इन्स्टंट गीझर चालूच होत नाहीत.

उपाय या क्रमाने करा. टाकी पाच-सहा फूट उंच चौथऱ्यावर घ्या, त्याचा भार इंजिनिअरकडून तपासून. टाकीतून निघणारा पाइप सव्वा इंची किंवा दीड इंची ठेवा. वरच्या मजल्यासाठी टाकीपासूनच वेगळी लाइन काढा, नाहीतर खाली कुणी नळ सोडला की वरचा शॉवर मरतो. एवढं करूनही भागलं नाही तरच प्रेशर पंप लावा. बहुतेक लोक सुरुवातच पंपाने करतात आणि मग त्याचा आवाज आणि देखभाल कायमची मागे लागते.

गीझर एका मजल्यावर आणि वापर दुसऱ्यावर असं करू नये. पाऊण इंची चाळीस फूट पाइपात सुमारे तीन लिटर पाणी मावतं. तेवढं गार पाणी वाहून गेल्याशिवाय गरम येत नाही.

वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवर किंवा धुण्याच्या जागेवरच घ्या. बेडरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या डोक्यावर नको, कारण गळती झाली की ती खालच्या छतात दिसते आणि दुरुस्तीला वरची फरशी फोडावी लागते. फरशी बसवण्यापूर्वी, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, जाळी बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी भरा, पातळीची खूण करा आणि ४८ तास ठेवा. थोडं पाणी उन्हाने उडेल, पण खाली डाग उमटला तर फरशीला हात लावू देऊ नका. सांडपाण्याच्या आडव्या पाइपाला दर चार फुटांना एक इंच उतार द्या. उभा पाइप छपराच्या वर नेऊन तोंड उघडं ठेवा, नाहीतर वर फ्लश केला की खालच्या जाळीतलं, वास अडवून धरणारं पाणी ओढलं जातं आणि घाण वास येतो.

ऊन आणि हवा

वरच्या मजल्यावर वारा आणि उजेड जास्त, धूळ आणि रस्त्याचा त्रास कमी. रात्री खिडक्या उघड्या ठेवण्याची भीतीही कमी, मात्र खिडकीजवळून गटाराचा पाइप किंवा शेजारचं पत्र्याचं छप्पर जात नसेल तरच. उलट बाजूला, छताचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खोलीत सोडतो, म्हणून वरच्या खोल्या दुपारपेक्षा संध्याकाळनंतर जास्त नकोशा होतात. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग हा सर्वांत स्वस्त उपाय, तो धुळीने मळतो म्हणून दरवर्षी धुवावा लागतो. त्याहून चांगलं म्हणजे स्लॅबवर इन्सुलेशनचा थर किंवा सावलीसाठी दुसरं छप्पर.

जिन्याची पोकळी धुराड्यासारखी काम करते. जिन्याच्या माथ्यावर उघडता येणारी खिडकी ठेवली की गरम हवा आपोआप बाहेर जाते. थंड प्रदेशात हाच गुण उलटतो: हीटर खाली चालतो आणि ऊब वर निघून जाते. तिथे जिन्याच्या तळाशी दार हवं. एसी वरच्या मोकळ्या लॉबीत लावू नका, गार हवा जड असल्याने पायऱ्यांवरून खाली उतरते.

धूरही याच वाटेने वर चढतो आणि वरच्या माणसांची बाहेर पडायची वाटही तीच असते. म्हणून दोन्ही मजल्यांवर स्मोक डिटेक्टर लावा, एक वाजला की दुसराही वाजेल असे जोडलेले, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. झोपताना बेडरूमची दारं ओढून घ्या. वरच्या खिडक्यांना जाळी असेल तर प्रत्येक बेडरूममधली निदान एक जाळी आतून हाताने उघडता यायला हवी, कुलपाविना.

आवाजाचं थोडक्यात: बोलणं स्लॅबमधून फारसं जात नाही, पावलं आणि ओढलेल्या खुर्च्या जातात. गालिचा आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे एवढ्याने बरंच भागतं. सळ्या असलेल्या स्लॅबमधून वायफायही नीट जात नाही. भिंतीत वरपर्यंत एक रिकामा पाइप सोडून ठेवा, पुढे केबल ओढून वर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) लावता येतो.

पुढच्या वीस वर्षांसाठी

जिना मुख्य दाराजवळून वर जाणारा असेल तर उद्या वरचा मजला भाड्याने देता येतो किंवा मुलांना वेगळा करता येतो. दिवाणखान्याच्या मधोमध असेल तर ती सोय कायमची गेली. वीज आणि पाण्याच्या लाइनीही मजल्यागणिक वेगळ्या असतील तर हे काम सोपं होतं. लिफ्टसाठी पाच बाय पाच फुटांची जागा दोन्ही मजल्यांवर एकावर एक धरून ठेवा. तिथला स्लॅब चारी बाजूंनी बीम देऊन वेगळा ओतून घ्या आणि तोवर कपाटं म्हणून वापरा.

एकमजली घर घेऊन नंतर वर चढवायचा विचार असेल तर कॉलममधून गच्चीवर बाहेर काढून ठेवलेल्या सळ्यांवर विश्वास ठेवू नका. सळ्या कुणीही काढून ठेवतो, त्यावरून पाया दोन मजल्यांसाठी बांधलाय असं सिद्ध होत नाही. मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे पाया, कॉलम आणि सळ्यांची मापं दाखवणारा नकाशा, मागा. ते नसेल तर एखाद्या कॉलमजवळ खणून फुटिंगची मापं आणि खोली इंजिनिअरला मोजू द्या, कॉलममधल्या सळ्याही तपासून घ्या. बाहेर राहिलेल्या सळ्या गंजून बारीक झाल्या असतील तर त्यांना तशीच नवी सळी जोडू देऊ नका. गंजलेला भाग कापून चांगली सळी लागेपर्यंत काँक्रीट फोडायला सांगा.