पठारावर नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी नाव तपासा, मग खोली शोधा

गोवा विद्यापीठात पीएचडीला येताय, तर सगळ्यात आधी तुमच्या कागदांवरची नावं एकमेकांशी जुळतात का ते बघा. खोली, गाडी, मासे हे सगळं नंतर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असतं, आधारवर ते मागे जातं, आणि गावच्या बँकेत खातं उघडताना कुणीतरी वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर टाकलेलं असतं. घरी यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फेलोशिप मात्र आधार जोडलेल्या खात्यात जाते, आणि संगणकाला तुमचे वडील माहीत नसतात.

मी ऑगस्ट 2018 मध्ये गडहिंग्लजहून आंबोलीमार्गे ताळगावच्या पठारावर, म्हणजे विद्यापीठात, आले. एक ट्रंक, एक शेगडी, आणि नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाल्याचा पेढ्यांइतका गोड अभिमान. तेव्हा महिन्याला 25,000 रुपये होते. सप्टेंबरात चवथ झाली, नोव्हेंबरात दिवाळी झाली, खात्यात दमडी नाही. घरी फोनवर सांगायचे, "येतात की वेळेवर." खोलीतल्या मैत्रिणीचे पैसे वापरत होते. चूक शंभर टक्के माझी होती: फॉर्मवर मी गुणपत्रिकेवरचं नाव लिहिलं होतं आणि बँकेत भलतंच. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर एवढी परीक्षा पास होऊन हिला फॉर्म भरता येत नाही असं म्हणतील, ही भीती.

डिसेंबरात कॅन्टीनमध्ये इथल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या संघाचा त्या वेळचा खजिनदार समोर येऊन बसला. पातळभाजीत पाव बुडवता बुडवता त्याने माझं पासबुक मागितलं, मग आधार मागितलं, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली आणि म्हणाला, "हांगा तुमी दोगी आसात." इथे तुम्ही दोघी आहात. पाच मिनिटांत निदान झालं. दुरुस्तीला दोन महिने लागले आणि थकबाकी फेब्रुवारीत एकरकमी आली. त्याच बसण्यात त्याने मला फेलोशिपची चाल समजावली. दर महिन्याला संस्थेकडून पोर्टलवर दुजोरा जावा लागतो. एक माणूस नोंद करतो, त्याला मेकर म्हणतात, दुसरा ती मंजूर करतो, तो चेकर. दोघांपैकी एक रजेवर असला की तुमचा महिना पुढे सरकतो. तेव्हा पैसे आले नाहीत तर आधी स्वतःचं खातं तपासायचं, मग त्या महिन्याचा दुजोरा गेला का ते विचारायचं, आणि रडायचं असेल तर त्यानंतर.

तर हा संघ. संघ म्हणजे चार-पाच पीएचडीवाले, एक लोखंडी कपाट आणि शुक्रवारचा चहा. देशभरचे संशोधक फेलोशिप वाढावी म्हणून ओरडत होते तेव्हा आम्हीही पत्रं धाडली. जून 2023 मध्ये आदेश निघाला आणि 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफ 31,000 ची 37,000 झाली, एसआरएफ, म्हणजे जेआरएफच्या दोन वर्षांनंतरची वरिष्ठ फेलोशिप, 35,000 ची 42,000. आमच्या पत्रांनी त्यात काय भर घातली हे देवाला ठाऊक. संघाचं रोजचं काम याहून फार बारीक असतं, आणि ते करणारी माणसं ओळखून ठेवणं हे तुमचं पहिल्या आठवड्याचं काम. इथे कुणाला नावाने हाक मारत नाहीत, विषयाने मारतात. मी दगडवाली, कारण मी जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पावसाळ्यात उगवणाऱ्या झाडांवर काम केलं. आता मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते, पण पठारावर गेले की अजून दगडवालीच.

यंदाची अध्यक्ष खाजनवाली. चौथं वर्ष, मूळची दिवाडीची. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाडीकडून मिळवलेली जमीन. भात तिथेच, मासेही तिथेच. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतलं पाणी झडपा ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणी त्याच झडपा आतल्या बाजूला दाबून बंद करतं. माणसाने हात लावायची गरज नाही. ही त्या पाण्यातल्या खारेपणावर आणि मातीतल्या जिवाणूंवर काम करते, त्यामुळे तिचा दिवस घड्याळावर चालत नाही. तिला भेटायची वेळ मागाल तर ती आधी भरती-ओहोटीचा तक्ता काढते.

तिच्याबरोबर मी एकदा रात्री गेले होते. पाणी उतरायला लागलं होतं, ती गुडघाभर चिखलात उभी राहून बाटल्यांना दोऱ्या बांधत होती, आणि मी बांधावर टॉर्च धरून. अचानक समोरून दुसरा टॉर्च थेट डोळ्यांवर. मानशीवर मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीत जातो, म्हणजे लिलावात. तो ज्याने घेतलेला त्याला वाटलं आम्ही त्याची कोळंबी चोरतोय. त्याने जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे बाहेर आली, आजोबांचं नाव सांगितलं, घर कुठल्या वाड्यावर ते सांगितलं, आणि दहा मिनिटांनी आम्ही त्याच्या झोपडीत काळा चहा पीत होतो. आता झडप मोडली की तो पंचायतीच्या आधी हिला फोन करतो. तुमच्या माझ्या आजोबांचं नाव इथे कुणाला माहीत नाही, म्हणून आपल्याला आधी विचारावं लागतं: जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, की खासगी, मानस यंदा कुणाकडे, वनखात्याची परवानगी लागते का. ही यादी तिने तालुक्यांप्रमाणे लिहून ठेवली आहे. नमुने गोळा करायचे असतील तर गाइडच्याही आधी तिच्याकडे जा. गाइडला हे माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी त्यांनी ते वीस वर्षांपूर्वी केलेलं असतं.

खजिनदार मीठवाला. मीठागराच्या गुलाबी पाण्यात राहणाऱ्या, समुद्राच्या सातपट मिठातही जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर त्याचं काम आहे. हे जीव सावकाश वाढतात. प्लेट घालायची, वाळू नये म्हणून पिशवीत गुंडाळायची आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. असा माणूस पैशाच्या टेबलासाठी उत्तम, कारण त्याला कशाचीच घाई होत नाही आणि कुणाचा राग येत नाही. पासबुक, आधार, कंटिंजन्सी (म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे), घरभाडं हे सगळं त्याचं खातं. घरभाड्याबद्दल तो पहिल्याच भेटीत एक वाक्य सांगेल, ते मीच सांगून टाकते: हॉस्टेल मिळत असताना तुम्ही नाकारलंत तर घरभाडं भत्ता गेला. जागा नसेल तर "जागा उपलब्ध नाही" असं सहीशिक्क्याचं पत्र आधी घ्या आणि मगच बाहेर खोली बघा. उलट क्रमाने गेलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत.

सचिव बर्फवाला, आणि तो सोलापूरचा आहे यावर सगळे विनोद आधीच होऊन गेलेत, नवीन करू नका. नोंदणी विद्यापीठात, काम वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात. अंटार्क्टिकाहून आणलेल्या बर्फाच्या नळकांड्या तिथे उणे 20 अंशांत ठेवतात. हा भर मे महिन्यात जाड जाकीट घालून आत जातो आणि बाहेर आला की चष्म्यावर धुकं. तुमच्यापैकी ज्यांची नोंदणी विद्यापीठात पण बसायचं दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत किंवा वास्कोला, त्यांनी याला गाठा. तुम्हाला दोन मालक असतात. रजा एकीकडे मंजूर होते, हजेरी दुसरीकडे लागते, आणि दोघांनाही वाटतं दुसऱ्याने कळवलं असेल.

मोडीवाला हा या शास्त्रज्ञांच्या कमिटीत चुकून आलेला इतिहासवाला. दिवसभर पणजीला पुराभिलेखात मोडी आणि पोर्तुगीज कागद वाचतो. ज्याला सतराव्या शतकातला कारकून कळतो त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली काय अवघड? आम्ही आपली 2022 ची नियमावली त्याच्याकडूनच समजून घेतली. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि त्यावर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मागता येते. स्त्रियांना आणि अपंगांना आणखी दोन वर्षांची सवलत, आणि मूल झाल्यास पूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत रजा. हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मुलींनो, लिहून ठेवा. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभं राहायचं. जेआरएफची दोन वर्षं संपत आली की एसआरएफसाठी तीन जणांची समिती बसवावी लागते, बाहेरच्या तज्ज्ञासकट, आणि त्या तज्ज्ञाची तारीख मिळवण्यातच दोन महिने जातात. अर्ज आधी टाका.

संघ काय करू शकत नाही तेही सांगते, नाहीतर अपेक्षा घेऊन याल. गाइड बदलून देत नाही. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं या भांडणात पडत नाही. फक्त ऐकून घेतो, आणि कुठल्या समितीकडे लेखी जायचं तेवढं सांगतो. छळाची तक्रार असेल तर खाजनवालीला एकटीला भेटा, शुक्रवारच्या चहावर बोलू नका. आणखी एक: या लोकांचे स्वतःचे प्रबंध जळत असतात. मीठवाल्याला रात्री अकराला फोन करून "पोर्टल उघडत नाही" म्हणू नका. कुणाचंच उघडत नसतं.

विद्यापीठाबद्दल थोडक्यात. 1985 मध्ये सुरू झालं. त्याआधी पणजीला मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा, आणि त्यात एकदा हरवल्याशिवाय प्रवेश पक्का झाला असं आम्ही मानत नाही.

खोली ताळगाव, बांबोळी, सांताक्रूझ, पिलार या बाजूला बघा. अकरा महिन्यांचा करार करताना तो कुठल्या महिन्यात संपतो ते मोजा. माझा पहिला ऑक्टोबरात संपत होता. घरमालकांना नोव्हेंबरपासून पर्यटक दिसायला लागले आणि मी सामान घेऊन मैत्रिणीच्या व्हरांड्यात. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्यावा लागतो, त्याची पोच ठेवा. एमएचची गाडी आणलीत तर बारा महिन्यांच्या आत इथली नोंदणी करायची असते. गाडी नसेल तर बस आहे, पण संध्याकाळनंतर पठारावर तिचा भरवसा नाही. त्या वेळी पायलट, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. भाडं बसायच्या आधी ठरवा.

पावसाळा. कोल्हापूरकडचा पाऊस बघितलाय असं मीही म्हणाले होते. इथे चार महिन्यांत तीनेक हजार मिलिमीटर पडतो आणि तो भिंतीतून, गादीतून, चामडी चपलेतून परत बाहेर येतो. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर दुसऱ्या जुलैत हिरवी बुरशी आली. कागद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि त्यात लॅबमधल्या निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी टाका. दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवा, पुन्हा निळे होतात. माझ्यासारखं सड्यावर काम असेल तर हाच पाऊस तुमचं कॅलेंडर. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही झाडं जून ते ऑक्टोबर एवढीच दिसतात. नोंदणीचे कागद रेंगाळले आणि पावसाळा हुकला की नुसतं वर्ष जात नाही, सहातलं एक जातं.

भाषेचं नाजूक आहे. कोकणी ही मराठीचीच बोली, असं मी पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये बोलून गेले. टेबलावर एकदम सगळे पावाकडे बघायला लागले. इथे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा 1967 चा जनमत कौल आणि कोकणीला राजभाषा करणारा 1987 चा कायदा या लोकांच्या घरातल्या आठवणी आहेत, पाठ्यपुस्तकातली सनावळी नाही. आणि मराठीवर जीव टाकणारे गोंयकारही त्याच टेबलावर असतात. तुम्ही मराठीत बोला, ते कोकणीत बोलतील, दोघांना कळतं. कुणी घाटी म्हणेल, बहुतेक वेळा प्रेमाने. "मागीर" म्हणजे नंतर, आणि कचेरीत तो शब्द ऐकलात की उद्या सकाळी परत जा. पोळी मागितलीत तर कोंड्याचा गोल पाव येईल, तो पातळभाजीबरोबर खा आणि गप्प बसा.

चवथीला सगळं बंद असतं, लॅबसुद्धा सुनी. त्या दिवसांत खाजनवालीच्या घरी बाहेरगावच्यांना बोलावणं असतं. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधलेली असते, रानातल्या फळा-पानांची, आणि आमच्यातला कुणी ना कुणी वही काढून तिच्यातल्या जाती मोजायला लागतो. तिची आजी दरवर्षी ओरडते.

शुक्रवारी साडेचारला या. पासबुक आणि आधारची झेरॉक्स आणा. बर्फवाला डिसेंबरात प्रबंध सादर करतोय, म्हणजे सचिवपद रिकामं होणार, त्यामुळे पहिल्याच चहाला तुमच्याकडे जरा निरखून बघतील, घाबरू नका. चहाला उशीर झाला तर कपाटाची किल्ली मीठवाल्याच्या लॅबमध्ये असते, 37 अंशांच्या इन्क्युबेटरच्या मागच्या खिळ्याला. इन्क्युबेटरचं दार उघडू नका.