गुडघा दुखावल्यावर: तपासणीपासून ऑपरेशनपर्यंत

डॉक्टरांकडे जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा. पाय कसा पिळला गेला, ‘कट्’ असा आवाज आला का, सूज किती वेळात चढली आणि आता चालताना गुडघा दगा देतो का. निम्मं निदान यातूनच होतं. दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला, तर सांध्यात रक्त साठलेलं असू शकतं आणि पहिला संशय एसीएलवर, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी आतून बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटवर जातो. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकतोय, तर गादी (दोन हाडांमधली कूर्चेची चकती, मेनिस्कस) फाटलेली असू शकते. गुडघा सरळच होत नसेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

तपासताना डॉक्टर आधी चांगला गुडघा हाताळतात, मग दुखरा. मांडी धरून नडगी पुढे ओढतात. ती जास्त सरकली तर एसीएल तुटल्याची शक्यता मोठी. त्या वेळी मांडी सैल सोडा, आखडलीत तर चाचणी फसते.

एक्स-रे हाडांसाठी, एमआरआय लिगामेंट आणि गादीसाठी. रिपोर्टमधल्या प्रत्येक ओळीने घाबरू नका. पन्नाशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांतही गादीला चीर दिसते. ‘माझा त्रास याच चिरेमुळे आहे का?’ आणि ‘नुसत्या व्यायामाने भागेल का?’ हे दोन प्रश्न विचाराच.

एसीएलचं ऑपरेशन ठरलं तरी सहसा घाई नसते. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबलेलं बरं. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतरही आखडलेला राहू शकतो. तोवर मांडीचे व्यायाम करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून होतं. तुटलेल्या एसीएलच्या जागी बहुतेकदा तुमच्याच पायातला स्नायूबंध बसवतात.

खरी मेहनत त्यानंतरची. गादीचा फाटका तुकडा काढला असेल तर लवकर चालता येतं. शिवली असेल तर काही आठवडे कुबड्या. एसीएलनंतर मैदानावर परतायला साधारण 9 महिने धरा. सहाव्या महिन्यात गुडघा ठणठणीत वाटतो आणि तिथेच लोक फसतात. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवा; छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.