तान्ह्या बाळाची छाती थोपटताय? या चुका टाळा

बाळ एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलं की बेळगाव-खानापूरकडच्या घरांत पहिला सल्ला मिळतो तो पाठ थोपटण्याचा. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टला तसं करताना कुणीतरी काचेतून पाहिलेलं असतं. मग घरची मोठी माणसं सुरू होतात, "कफ मोकळा होतोय बघा."

मूळ चूक इथंच होते. धाप लागलेल्या प्रत्येक बाळाला कफ झालेला नसतो. सिझेरियनच्या बाळाच्या फुफ्फुसात राहिलेलं पाणी बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप शोषलं जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात फुफ्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट कमी असतं, ते थोपटून कसं तयार होणार? चिकट स्रावामुळं फुफ्फुसाचा एखादा भाग मिटला असेल, तर फिजिओथेरपी उपयोगी पडते. तीही एक्स-रे पाहून, ऑक्सिजनच्या आकड्यावर नजर ठेवून, डोकं हातानं स्थिर धरून, बोटांच्या टोकांनी. अनेकदा तर नुसती कूस बदलतात आणि बाळाला निवांत ठेवतात. "काहीच केलं नाही की!" म्हणून नातेवाईक कुरकुरतात, पण नवजात बाळाला कमीत कमी हात लावण्यातच खरी कसब असते.

कफ गळावा म्हणून पाय धरून उलटं करणं तर फारच धोक्याचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, डोकं खाली गेलं की त्यांच्यावर ताण येतो. पोटातलं दूध उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं ते वेगळंच. डॉक्टरांनी घरी करायला काही शिकवलं असेल, तर तेवढंच करा आणि दूध पाजल्यावर लगेच नको.

वॉर्डात पालथं निजवत होते म्हणून घरीही तसंच निजवतात. तिथं मॉनिटर लावलेला असतो. घरी झोपवताना बाळ उताणंच हवं, उशी नको.

न्हाणीतल्या रीती म्हणाल तर नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. खोली बंद करून धुरी नको, पोटावर बिब्बा तर नकोच. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं शेगडीशिवाय भागत नाही हे कबूल, पण बाळाच्या खोलीत धूर नको. ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी बाळाला उभं धरा, मान पुढं दुमडू देऊ नका.

श्वास मोजताना पंधरा सेकंदांचे चौपट करू नका. तान्ह्याचा श्वास मुळात एकसारखा नसतो, पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजा. 30 ते 60 ठीक. पुन्हा मोजूनही 60 च्या वर, छाती आत ओढली जाणं, कण्हणं, ओठ-जीभ निळी पडणं, 20 सेकंदांहून लांब खंड किंवा दूध पिणं सोडणं, यातलं एक जरी दिसलं तरी थोपटत बसू नका, 108 ला फोन करा.

निपाणीकडची मंडळी बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ म्हणून तिकडं जातात. जा की, पण फाईल घरी विसरून नको. जन्माचे आठवडे, वजन, व्हेंटिलेटरचे दिवस हे नव्या डॉक्टरांना कळल्याशिवाय फिजिओथेरपी द्यायची की नाही हे ठरत नाही. डिस्चार्ज कार्डाचा आणि एक्स-रेचा फोटो आई-बाबा दोघांच्याही मोबाईलमध्ये असू दे.