सांगलीच्या पिनकोडवरून कोडं कसं बनवायचं

ग्रुपवर नंबरची जी कोडी फिरतात त्यातली निम्मी नुसती जीकेची असतात. आयर्विन पूल कधी झाला? १९२९. संपलं की, ज्याला माहीत त्याला माहीत, बाकीच्यांनी गुगल करायचं. खरं कोडं म्हणजे गंमत आकड्यातच दडलेली पाहिजे आणि गणित करत गेलं की आपोआप बाहेर पडली पाहिजे.

सुरुवात रोजच्या नंबरांपासून करा. आपल्या सांगलीचा पिन बघा, ४१६४१६. एकच तीन आकडी संख्या दोनदा. आता समोरच्याला म्हणायचं, मनात कुठलीही तीन आकडी संख्या धर, पिनसारखी दोनदा लिही, मोबाईलवर आधी १३ ने भाग, मग ७ ने, मग ११ ने. बाकी कुठंच उरत नाही आणि शेवटी त्याचीच संख्या त्याच्यासमोर. कारण ७ × ११ × १३ = १००१ आणि ४१६ × १००१ = ४१६४१६. पण १००१ चं नाव अजिबात काढायचं नाही, ते कळलं की खेळ खलास.

सातारकरांचा ४१५००१ ह्या कामाचा नाही, पण त्यांच्याकडं एमएच ११ आहे. ११ × ६३ करायचं तर ६ आणि ३ च्या मध्ये त्यांची बेरीज ठेवा, ६९३. बेरीज नऊच्या वर गेली तर हातचा डावीकडं, म्हणून ११ × ८५ म्हणजे ९३५. आमचा एमएच १०, शून्य लावलं की झालं, त्यात कसलं कोडं!

सालं वापरायची असतील तर देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर कामाला येतात. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत, मोठ्यापासून लहान लावा, लहानापासून मोठे लावा, वजा करा, उत्तराचं परत तेच. पुलाचंच साल घेऊ:

९९२१ − १२९९ = ८६२२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

इथून पुढं ६१७४ च येत राहतो, आणि कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथं पोचताच. लोकं शून्य गाळतात आणि मग मेसेज करतात की जमत नाही, म्हणून ०३७८ मधलं शून्य धरायचं हे कोड्यातच लिहून टाका.

आता सगळ्यात जास्त डोकं जिथं लावायचं ते, उत्तर एकच आहे का? समजा तुम्ही विचारलं, "चार आकडी संख्या मधोमध तोडली, दोन तुकड्यांची बेरीज केली, तिचा वर्ग केला तर तीच संख्या परत, सांगा कोणती?" तुमच्या मनात २०२५ आहे, २० + २५ = ४५, ४५ चा वर्ग २०२५. पण ३०२५ पण बसतो आणि ९८०१ पण, आणि मग ग्रुपवर भडंगाच्या पाकिटासाठी भांडणं. मग "एक अंक दोनदा आलाय" एवढी एकच ओळ घाला, २०२५ सोडून दोन्ही कटाप. "हे साल होऊन गेलंय" असं मात्र घालू नका, मग कुणी गणितच करत नाही, नुसती सालं आठवत बसतात.

उत्तर लगेच टाकू नका, रात्री जेवणं झाल्यावर टाका, आणि कुणी नुसता आकडा पाठवला तर तो कसा काढला ते विचारा.