अभियांत्रिकीच्या शाखा समजून घेण्याची एक रीत

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याने शाखांची नावे पाठ केली तरी त्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण त्या शाखेतला माणूस दिवसभर कोणत्या प्रश्नाशी झुंजतो हे नावावरून कळत नाही. त्यापेक्षा नेहमीच्या पाहण्यातली एखादी वस्तू निवडावी आणि कोणती शाखा तिच्याविषयी काय विचारते, ते वहीत लिहून काढावे. उदाहरणादाखल लिफ्ट घेऊ.

लिफ्टची उभी पोकळी, तळाचा खड्डा आणि वरचे यंत्र पेलणाऱ्या तुळया किती भार सोसतील, हा स्थापत्य अभियंत्याचा प्रश्न झाला. यांत्रिकी अभियंत्याचे लक्ष दोर, कप्पी आणि ब्रेककडे असते. या शाखेची गोडी प्रतिभारात, म्हणजे दोरांच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या वजनात, चांगली कळते. ते वजन साधारणपणे रिकाम्या केबिनच्या वजनात पूर्ण क्षमतेचे 40 ते 50 टक्के मिळवून ठरवतात. केबिन 1000 किलोची, क्षमता 600 किलोची आणि प्रतिभार 1300 किलोचा धरला, तर केबिन रिकामी असो वा पूर्ण भरलेली, दोन्ही बाजूंतला फरक 300 किलोच राहतो आणि तुलनेने लहान मोटर पुरते. गंमत अशी की रिकामी लिफ्ट वर जाताना मोटरला ती ओढावी लागत नाही, आवरून धरावी लागते.

इथेच विद्युत अभियंता पुढे येतो. अशा वेळी मोटर जनित्रासारखी वागते, तेव्हा तयार होणारी वीज रोधकात उष्णता म्हणून घालवायची की पुरवठ्यात परत पाठवायची, हे त्याला ठरवावे लागते. दारात हात आल्याचे ओळखणारा संवेदक इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. तीन मजल्यांवरून एकदम बोलावणे आले तर दोनपैकी कोणती लिफ्ट कुठे पाठवावी, हा प्रश्न संगणक शाखेचा, आणि तो दिसतो तितका सोपा नाही, कारण सर्वांची सरासरी वाट कमी करण्याच्या नादात एखाद्याला फार काळ ताटकळत ठेवले जाऊ शकते. दोराच्या पोलादी तारा वारंवार वाकून कधी थकतील, हे धातुशास्त्र सांगते.

रासायनिक अभियांत्रिकी मात्र लिफ्टमध्ये सहज दिसत नाही, तिच्यासाठी वेगळे उदाहरण हवे. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात सुरळीत होणारी, उष्णता सोडणारी अभिक्रिया दसपट लांबी-रुंदी-उंचीच्या भांड्यात केली, तर द्रव हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. ती उरलेली उष्णता काढायची कशी, या प्रश्नात ही शाखा बरीचशी सामावलेली आहे.

शाखांमधल्या भिंती फार पक्क्या समजू नयेत. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन स्वतःला ‘सिव्हिल’ अभियंता म्हणवू लागला, तेव्हा त्या शब्दाचा रोख लष्करी नसलेल्या कामाकडे होता. स्थापत्य अभियंत्यांची संस्था लंडनमध्ये 1818 साली स्थापन झाली आणि यांत्रिकीवाल्यांची वेगळी संस्था 1847 साली बर्मिंगहॅममध्ये निघाली.

वहीतली यादी तयार झाली की ज्या दोन शाखांचे प्रश्न तुम्हाला खरोखर छळतात, त्यांचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून वाचावा. पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक शाखांना सारखेच असल्याने त्यावरून निवड करू नये. त्यानंतर त्या शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला गाठावे. ‘शाखा कशी आहे?’ असे विचारल्यास ठरावीक उत्तर मिळते, म्हणून ‘गेल्या आठवड्यात कोणत्या गणितावर किंवा प्रयोगावर सर्वाधिक वेळ गेला, आणि तो कुठे अडला?’ असे विचारावे. नोकरी आणि पगाराचे प्रश्न गैर नाहीत, पण ते या प्रश्नानंतर विचारावेत. शक्य असल्यास तो प्रयोग चालू असताना तासभर शेजारी उभे राहण्याची परवानगी मागावी.