इंग्रजी कविता आणि व्याकरण: या चुका टाळा

वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल्सची कविता १८०७ साली छापली गेली. तिच्या पहिल्या कडव्यात ओळींच्या शेवटी क्लाउड, हिल्स, क्राउड, डॅफोडिल्स, ट्रीज, ब्रीझ असे शब्द येतात. म्हणजे राइम स्कीम (यमकांची मांडणी, सारख्या आवाजाला सारखं अक्षर) ए-बी-ए-बी-सी-सी. तरी क्लासमध्ये दरवर्षी कुणीतरी शेवटच्या दोन ओळींना सी आणि डी देतंच. का, तर स्पेलिंग वेगळं दिसतं.

एकदा प्रिलिमच्या तोंडावर लालबागची एक मुलगी हट्टालाच पेटली. "सर, एकीकडे एस आहे, दुसरीकडे झेड-ई. यमक कसं?" मी म्हटलं, घरी जा, पुस्तक आईला दाखवू नकोस, नुसतं वाचून दाखव. आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, पण रोज हरिपाठ म्हणणारी. तिने ऐकताक्षणी ट्रीज-ब्रीझची जोडी सांगितली, हिल्स-डॅफोडिल्सचीही. तेव्हापासून माझ्या वर्गात पेन्सिल खाली ठेवून कविता आधी मोठ्याने वाचायची, अक्षरं मग द्यायची. चाळीत शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. ॲलिटरेशनलाही (अनुप्रास, शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज) हेच लागू: 'फोन' आणि 'फाइव्ह' जुळतात, 'सिटी' आणि 'कॅट' नाही.

लाइक किंवा ॲज दिसलं की सिमिली (उपमा अलंकार), हा शॉर्टकट कुणी पसरवला देव जाणे. 'आय लाइक द रेन' या ओळीखालीही सिमिली लिहिलेलं मी तपासलं आहे. तिथे लाइक म्हणजे आवडणं, तुलना कुठेच नाही. 'लोन्ली ॲज अ क्लाउड' मध्ये ती आहे: एकटा भटकणारा माणूस आणि ढग. कशाची तुलना कशाशी, हे मराठीत सांगता आलं नाही तर अलंकाराचं नाव लिहू नका.

गाइडमधलं तयार ॲप्रिसिएशन (रसग्रहण) पाठ करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. 'कवीने सोप्या भाषेत सुंदर संदेश दिला आहे' हे कुठल्याही कवितेला चिकटतं, म्हणून ते कुठल्याच कवितेबद्दल नसतं.

व्याकरणातही तीच घाई. पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) करा म्हटलं की वाक्य न वाचताच बाय हिम जोडायचं. 'ही वेन्ट टु कुर्ला' चं 'कुर्ला वॉज गॉन बाय हिम' झालेलं मी पाहिलं आहे. आधी 'काय?' किंवा 'कुणाला?' विचारा. तो काय गेला? उत्तरच नाही, म्हणजे ऑब्जेक्ट (कर्म) नाही, म्हणजे पॅसिव्ह नाही. ट्यूशनला उशीर झाला तरी हा प्रश्न सोडू नका.

क्वेश्चन टॅगमध्ये (वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न) मूळ वाक्यात हार्डली, नेव्हर, सेल्डम आले की ते वाक्य नकारार्थी धरा, टॅग होकारार्थी. इनडायरेक्टमध्ये (दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना) सूर्य पूर्वेला उगवतो यासारखं कायमचं सत्य असेल, तर 'राइझेस' तसंच ठेवा.